आधी पहिला वर्ग, मग पदार्थविज्ञान

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो आणि आपले मन यंत्रांत रमत नाही, यापुढे आपण पदार्थविज्ञानच शिकणार, असे जेवणाच्या पानावर जाहीर करतो, तेव्हा पुण्या-मुंबईच्या काय किंवा सांगली-लातूरच्या काय, मध्यमवर्गीय घरांत जो गहजब उडतो त्याचे स्वरूप आता इतके ठरून गेलेले आहे की उभय पक्षांची भाषणे आगाऊ लिहून ठेवता यावीत. वडील आजवर भरलेल्या फीचा आणि बँकेच्या हप्त्यांचा जमाखर्च मांडतात. मामा, ज्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची चौकशी कुणी कधी केलेली नसते, ते 'आधी नोकरी, मग काय ते संशोधन' असा निवाडा देतात. आणि चिरंजीव, ज्यांनी फाइनमनची व्याख्याने अर्धीमुर्धी वाचलेली असतात, ते कैदेतून सुटल्याच्या आवेशात बोलत राहतात. वडिलांच्या लेखी हा पळपुटेपणा असतो आणि मुलाच्या लेखी मुक्ती. या वादात मला कुणाचाच पक्ष घेता येत नाही, कारण वरकरणी विरोधी दिसणारी ही दोन्ही मते एकाच गृहीतावर उभी आहेत, आणि ते गृहीत असे की अभियांत्रिकीत घालवलेल्या वर्षांचा पुढच्या पदार्थविज्ञानाशी काडीचा संबंध नाही. ती वर्षे वाया जाणार याचे वडिलांना दुःख आणि ती वाया गेली याचा मुलाला संताप. मला हे गृहीतच खोटे वाटते. अभियांत्रिकी मन लावून पुरी केलेल्या माणसाने उशिरा पदार्थविज्ञानाकडे वळण्यात आक्षेपार्ह काही नाही, किंबहुना सरळ वाटेने आलेल्यास सहसा न मिळणारी काही शिदोरी त्याच्यापाशी असते. मात्र 'मन लावून पुरी केलेल्या' हे शब्द मी सहेतुक घातले आहेत, आणि या लेखातील माझा सारा आग्रह त्या शब्दांपुरताच आहे.

होमी भाभांची कथा आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून पोहोचलेली आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. मुंबईत कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ साली हा मुलगा केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला तो घरच्या योजनेनुसार. सर दोराबजी टाटा हे त्याच्या आत्याचे, मेहेरबाईंचे, यजमान. वडील जहांगीर भाभा कायदेपंडित आणि टाटांच्या व्यवहाराशी निगडित. तेव्हा मुलाने अभियंता होऊन परतावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा त्या कुटुंबात अगदी स्वाभाविक होती. केंब्रिजला पोहोचून वर्ष होते न होते तोच, ऑगस्ट १९२८ मध्ये, मुलाने वडिलांना पत्र लिहिले आणि व्यापारधंदा किंवा अभियंत्याची नोकरी आपल्या प्रकृतीस सर्वस्वी परकी आहे, पदार्थविज्ञान हाच आपला मार्ग आहे, असे निःसंदिग्धपणे कळवले. बीथोव्हेनला शास्त्रज्ञ व्हायला सांगण्यात जसा अर्थ नाही तसाच आपल्याला अभियंता व्हायला सांगण्यातही नाही, अशा धाटणीचा युक्तिवादही त्याने केला, जो अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी थोडा उद्धट आणि बराचसा खरा होता. यावर जहांगीरशेटांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली: यांत्रिकीची ट्रायपॉस परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताच्या ट्रायपॉससाठी आणखी दोन वर्षांचा खर्च मी देईन. १९३० मध्ये होमीने पहिला वर्ग मिळवला, वडिलांनी शब्द पाळला, आणि १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग आला.

ही गोष्ट सांगताना आपले चरित्रलेखक वडिलांच्या अटीकडे व्यवहारी माणसाने प्रतिभेच्या वाटेत टाकलेला अडसर म्हणून पाहतात, आणि तो अडसर ओलांडण्यात नायकाचे मोठेपण शोधतात. माझे मत याच्या उलट आहे. त्या सबंध पत्रव्यवहारात सर्वांत शहाणपणाचे कलम कोणते असेल तर ते हेच. त्या अटीला निश्चित मुदत होती, तिची पूर्तता झाली की नाही हे तिऱ्हाइताच्या परीक्षेवरून ठरणार होते, मुलाच्या किंवा बापाच्या मर्जीवरून नव्हे, आणि ती जितकी मुलाला बांधणारी होती तितकीच बापालाही बांधणारी होती. आपल्या घरांत 'पुढचे पुढे पाहू' या शब्दांखाली जो अनिश्चित काळाचा नकार लपलेला असतो, त्याच्याशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. पण याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पदार्थांच्या सामर्थ्याच्या विषयात नापास झालेला विद्यार्थी जेव्हा पुंजयामिकीवर आपले प्रेम जडल्याचे सांगतो, तेव्हा ते प्रेम आहे की नावडत्या जागेपासून काढलेला पळ, हे ठरवण्याचे साधन इतरांपाशी नसते हे तर खरेच, पण ते खुद्द त्याच्यापाशीही नसते. जो विषय आवडत नाही तोही नीट करून दाखवल्यानंतर माणूस जेव्हा म्हणतो की मला हे नको, तेव्हा त्या नकाराला वजन येते. केवळ कंटाळ्यापायी बुद्धिमान मुले मागे पडतात, असा आक्षेप यावर कुणी घेईल, आणि अशी मुले मी पाहिलेली नाहीत असे नाही. परंतु कंटाळा पदार्थविज्ञानाला वर्ज्य आहे अशी कुणाची समजूत असेल तर ती प्रयोगशाळेत उपकरणाचे अंशांकन करण्यात गेलेला एक आठवडा, किंवा एका चिन्हाच्या चुकीपायी पुन्हा मांडावे लागलेले वीस पानांचे बीजगणित, पार नाहीशी करील. रटाळ श्रम सोसण्याची ताकद ज्याने एका शास्त्रात कमावली नाही, त्याला ती दुसऱ्या शास्त्राच्या उंबऱ्यावर आपोआप मिळत नाही.

भाभांना केंब्रिजमध्ये ज्यांच्या अध्यापनाचा लाभ झाला ते पॉल डिरॅक स्वतःच अभियांत्रिकीतून आलेले होते, हा योगायोग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. ब्रिस्टलमध्ये शाळामास्तराच्या घरी १९०२ साली जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी विद्युत अभियांत्रिकीला गेला, विद्यार्थिदशेतच १९१९ च्या ग्रहणाच्या निरीक्षणांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा जो डंका वाजवला त्याने भारावून गेला, तरी अभ्यासक्रम त्याने सोडला नाही, आणि १९२१ मध्ये पहिल्या वर्गाची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत त्या पदवीला नोकरी मिळेना. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने देऊ केलेली वर्षाला सत्तर पौंडांची मदत तेथे राहण्यास पुरेशी नव्हती. अशा वेळी ब्रिस्टलच्याच गणित विभागाने त्याला फी माफ करून आणि पहिल्या वर्षातून सूट देऊन आपल्याकडे घेतले. दोन वर्षांनी, सरकारी संशोधनवृत्तीची भर पडल्यावर, तो केंब्रिजला गेला, आणि १९२८ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनचे ते समीकरण मांडले ज्याला आज त्याचे नाव आहे. विशुद्ध गणिती सौंदर्याचा एवढा कट्टर उपासक विसाव्या शतकात दुसरा झाला नसेल. अशा माणसाने अभियांत्रिकीचे ते दिवस विसरून जावेत अशी आपली अपेक्षा असते. परंतु उत्तर आयुष्यात तो कृतज्ञतेने सांगत असे की त्या शिक्षणाने आपल्याला सन्निकट मूल्ये सहन करायला शिकवले, ते झाले नसते तर आपण केवळ बिनचूक समीकरणांच्याच मागे लागलो असतो आणि निसर्गाचे वर्णन करणारी सारीच समीकरणे सन्निकट असतात हे आपल्या ध्यानात आले नसते.

या कबुलीचा अर्थ सखोल आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवसापासून अशी उदाहरणे दिली जातात ज्यांची उत्तरे स्वच्छ निघतात: घर्षणरहित प्रतल, वजनरहित दोरी, अनंत लांबीची तार. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास तुळई प्रत्यक्ष उभी करायची असते, म्हणून काय सोडून दिले तर चालेल आणि काय सोडले तर छत कोसळेल, हा विवेक त्याला आरंभीच करावा लागतो. पदार्थविज्ञानातील खरे कौशल्य पुढे जाऊन नेमके हेच ठरते. डिरॅकचे ते प्रसिद्ध डेल्टा फलन घ्या, जे एका बिंदूखेरीज सर्वत्र शून्य असून ज्याचे एकूण क्षेत्रफळ मात्र एक आहे. गणितज्ञांना ते सुरुवातीस बेकायदा वाटले. पण ज्याने तुळईच्या एकाच बिंदूवर टेकलेल्या भाराचा हिशेब कधी केला आहे, त्याला त्यात विचित्र काही दिसत नाही, आणि ही कल्पना आपल्याला बहुधा त्या शिक्षणातूनच सुचली असावी असे डिरॅकनेही म्हटले आहे.

थोरांची उदाहरणे देऊन सामान्यांची फसवणूक करू नका, असे कुणी येथे बजावील. ही हरकत मला मान्य आहे. ज्यांनी अभियांत्रिकी सोडली आणि पदार्थविज्ञानातही ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्यांची चरित्रे कुणी लिहीत नाही, यास्तव चरित्रांवरून यशाचे प्रमाण काढणे हा भाबडेपणा होय. परंतु मी या माणसांना साक्षीला बोलावतो ते त्यांच्या कीर्तीसाठी नव्हे. त्यांचे शिक्षण कसे झाले याची नोंद उपलब्ध आहे, आणि आधीच्या विद्येतील कोणता भाग पुढे उपयोगी पडला हे त्यांच्या बाबतीत तपासून पाहता येते, एवढ्यासाठी. युजीन विग्नर हा डिरॅकचा समवयस्क, आणि पुढे त्याचा मेहुणाही. वडिलांचा बुडापेस्टजवळ चामडे कमावण्याचा कारखाना, त्यासाठी मुलाने रसायन-अभियांत्रिकी शिकावी हा वडिलांचा हुकूम. विग्नरने बर्लिनच्या तंत्रविद्यालयात ती शिकून १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली, शिकत असतानाच आइन्स्टाइन, प्लांक, लाउए हजर असत अशा साप्ताहिक चर्चासभेला तो जाऊन बसे, नंतर काही काळ चामड्याच्या कारखान्यात इमानाने कामही केले, आणि मग स्फटिकशास्त्रज्ञाचा सहायक म्हणून बर्लिनला परतला. स्फटिकांच्या सममितीतूनच तो पुंजयामिकीतील गटसिद्धांताकडे वळला, ज्या कार्यासाठी त्याला १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथपर्यंतची कथा अभियांत्रिकीवरील विजयाची वाटते. पण १९४२ मध्ये शिकागोत प्लुटोनियम निर्माण करणाऱ्या प्रचंड अणुभट्टीचा आराखडा करण्याची वेळ आली, तेव्हा पाण्याने थंड होणाऱ्या त्या भट्टीची रचना करणाऱ्या गटाचे नेतृत्व याच सिद्धांतकाराकडे आले, आणि द्यु पाँ कंपनीच्या अभियंत्यांचे नकाशे तपासताना रसायन-अभियांत्रिकीचे ते जुने शिक्षण त्याच्या उपयोगी पडले. भाभांच्या बाबतीतही सिद्धांतकार आणि अभियंता असे दोन कप्पे करता येत नाहीत: १९३७ साली हाइटलरच्या सहकार्याने विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडणारा मनुष्य आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित करणारा मनुष्य एकच होता.

वस्तुतः या दोन शास्त्रांमध्ये आज आपण जी भिंत पाहतो ती विद्यापीठांच्या खातेवाटणीने उभी केलेली आहे आणि तिचे वय फारसे नाही. विद्युत्प्रभारांमधील बलाचा नियम ज्याच्या नावे चालतो तो कूलाँ मार्टिनिक बेटावर किल्ला बांधणारा लष्करी अभियंता होता. उष्मागतिकीचा दुसरा नियम ज्या विचारातून उद्भवला तो विचार सादी कार्नो याने १८२४ मध्ये वाफेच्या एंजिनापासून जास्तीत जास्त काम किती निघू शकेल या निखळ अभियांत्रिकी प्रश्नातून काढला. आणि फ्रेनेलचे उदाहरण तर मला फार आवडते. हा सरकारी रस्ते व पूल खात्यातला अभियंता; खेड्यापाड्यांत सडका बांधण्याच्या कामाला मनातून विटलेला. १८१५ मध्ये एल्बाहून परतलेल्या नेपोलियनविरुद्ध राजपक्षाची बाजू घेतल्यामुळे त्याची नोकरी गेली आणि तो नॉर्मंडीतील मात्यू गावी आपल्या घरी येऊन राहिला. हाताशी उपकरणे नव्हती, तेव्हा सूक्ष्म मोजमापाचे साधन गावच्या कुलूपवाल्याकडून करवून घेऊन आणि मधाच्या थेंबाचे भिंग करून त्याने प्रकाशाच्या विवर्तनाचे प्रयोग केले, ज्यांवर पुढे प्रकाशाचा तरंगसिद्धांत उभा राहिला आणि १८१९ मध्ये फ्रेंच अकादमीचे पारितोषिक त्याच्याकडे चालून आले. कुलूपवाल्याला हवे ते करून द्यायला लावणे, ही विद्या सडकांच्या कामावर मुकादमांशी हुज्जत घातलेल्या माणसालाच येते असे मी म्हणालो तर तो माझा पक्षपात समजावा. त्यानंतर याच फ्रेनेलने दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे भिंग घडवले. म्हणजे गेलेला अभियंता परत आला, आणि तो पूर्वीपेक्षा चांगला अभियंता होऊन आला.

आता ज्याला हे पाऊल खरोखर टाकायचे आहे त्याच्याशी दोन गोष्टी स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत. लोकप्रिय पुस्तकांत आणि चित्रफितींत जे पदार्थविज्ञान भेटते, ज्यात कृष्णविवरे असतात, समांतर विश्वे असतात आणि सोडवायला एकही उदाहरण नसते, ते या शास्त्राचे कथाकीर्तन आहे. त्याने वेड लागलेल्यास शास्त्राचे वेड लागले असे समजू नये. अभियंत्यापाशी अवकल समीकरणे असतात, फूरिए आणि लाप्लास यांची रूपांतरे असतात, संगणकाला कामाला लावण्याची हातोटी असते, आणि सोल्डरिंगच्या वासाला तो बिचकत नाही, ही मिळकत लहान नाही. पण त्याची उणीवही तितकीच ठळक असते. रूपांतरे त्याने तक्त्यातून उतरवलेली असतात. लाग्रांज आणि हॅमिल्टन यांच्या पद्धतीने यामिकीकडे पाहण्याचा प्रसंग त्याला क्वचित येतो. अवस्थांचे सदिश-अवकाश आणि त्यांवरील कारक ही भाषा त्याला नवी असते. आणि एन्ट्रॉपी हे कोष्टकातील एक अंक यापलीकडे काही आहे, ती सूक्ष्म अवस्थांच्या गणनेतून येते, हे त्याच्या कानावर फार तर ओझरते आलेले असते. ही तूट वाचनाने भरत नाही, उदाहरणे सोडवल्यानेच भरते. म्हणून माझी सूचना अशी की गोल्डस्टीनचे यामिकीवरील पुस्तक आणि ग्रिफिथ्सचे पुंजयामिकीवरील पुस्तक घ्यावे, दिवसाचे कॉलेज अथवा नोकरी सांभाळून संध्याकाळी प्रकरणांच्या शेवटची उदाहरणे क्रमाने सोडवीत जावे, आणि सहा महिन्यांनी स्वतःस विचारावे की आपण उदाहरणांकडे ओढले जातो की पुस्तकाच्या प्रस्तावनेकडे. दुसरे उत्तर आल्यास त्यात लाज नाही. प्रस्तावना वाचणारेही समाजाला हवेच असतात.

वयाची भीती मात्र मनातून काढून टाकावी. जॉन बार्डीनने विस्कॉन्सिनमध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या घेतल्या, पिट्सबर्गमध्ये तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत भूभौतिकीची पगारी नोकरी केली, आणि १९३३ मध्ये, अमेरिकेत लोक मिळेल त्या नोकरीला चिकटून राहत होते अशा महामंदीत, ती सोडून तो प्रिन्स्टनला विग्नरचा विद्यार्थी झाला. ट्रान्झिस्टरच्या शोधात तो एकोणचाळिसाव्या वर्षी सहभागी होता आणि अतिवाहकतेचा सिद्धांत त्याने सहकाऱ्यांसह मांडला तेव्हा त्याचे वय पन्नाशीला टेकले होते. पदार्थविज्ञानाचे नोबेल दोनदा मिळवणारा तो आजतागायत एकमेव मनुष्य आहे. इलिनॉय विद्यापीठात तो विद्युत अभियांत्रिकी आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विभागांचा प्राध्यापक होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि वयाची भीती जितकी खोटी तितकी पैशाची भीती खरी आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळून विद्यार्थ्यास स्वधर्माचा उपदेश करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जहांगीर भाभा दोन वर्षांचा अधिक खर्च देऊ शकत होते, म्हणून त्यांची अट शहाणपणाची ठरली. शिक्षणकर्जाचा हप्ता पदवीच्या दुसऱ्याच वर्षी सुरू होणाऱ्या घराला तसा करार करता येत नाही. डिरॅकला जे मिळाले ते विद्यापीठाकडून मिळाले: फीची माफी, आधीच्या पदवीची दखल, आणि एक वर्ष वाचवणारी सवलत. आपल्याकडे सतराव्या वर्षी एका परीक्षेतील क्रमांकावरून आणि प्रवेशफेऱ्यांच्या यादीतून मुलाला शाखा नेमून दिली जाते, ती बहुधा त्याने मागितलेली नसते, आणि चार वर्षांनी तो दुसरे काही शिकू म्हणेल तर अनेक विद्यापीठांचे नियम त्याच्याकडे बी.एस्सी.चा दाखला मागतात, जणू विद्युत्चुंबकीयतेची दोन सत्रे अभियांत्रिकीच्या इमारतीत शिकली असता ती विद्युत्चुंबकीयता राहत नाही. ज्या विभागांत एम.एस्सी.च्या जागा रिकाम्या राहतात तेही हा नियम निष्ठेने पाळतात, याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती एवढीच आहे की अभियांत्रिकीच्या पदवीधरास पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा द्यावी, उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी यामिकी, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय यामिकी यांचा एका सत्राचा पूरक अभ्यासक्रम लावावा, आणि ज्यांनी पहिल्या वर्गात पदवी घेतली आहे पण ज्यांच्या घरी ऐपत नाही त्यांची फी माफ करावी. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जी स्वतः एका अभियंत्याने १९४५ साली उभी केली, आपल्या पदार्थविज्ञानाच्या प्रवेशपरीक्षेस अभियांत्रिकीच्या पदवीधरांना बसू देते, आणि म्हणून ती परीक्षा सोपी ठेवीत नाही. विद्यापीठांनीही दार उघडावे आणि परीक्षा कठीणच ठेवावी.